मामांचा मुका कुकर

समस्त मांसाहारी बंधुभगिनींना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की, बोईसर मुक्कामी, स्टेशनच्या पश्चिमेला, आमच्या साध्यासुध्या इमारतीत एक असे गृहस्थ राहून गेले, ज्यांच्या कुकरची शिट्टी कधीही झाली नाही. ज्यांना ही बाब किरकोळ वाटते त्यांनी इथेच थांबून खुशाल आपापल्या शिट्ट्या मोजत बसावं. बाकीच्यांनी जरा सरसावून बसा. पुढे मटण आहे.

डोळ्यांसमोर एक चित्र आणा. चौथ्या मजल्यावरची गॅलरी. तिथे एका बर्नरची शेगडी, शेगडीवर काळवंडलेला कुकर आणि त्याच्यासमोर लाकडी पाटावर मामा. अंगात बनियन, खांद्यावर टॉवेल, मिशी ओठांवर झुकलेली. डावा हात शेगडीच्या बटणावर, उजव्या हाताचं बोट वर. म्हणजे, बोलू नका. कुकर फुसफुस करायला लागतो. तुम्ही श्वास रोखता. आता होणार, आता होणार, आणि नेमक्या त्या क्षणी डावा हात अलगद फिरतो, ज्योत निळ्या मण्यांएवढी होते, कुकर आतल्या आत एक उसासा सोडतो आणि गप्प बसतो.

मग मामा बोट खाली घेत आणि म्हणत, "शिट्टी झाली म्हंजे माणूस हरला."

आम्ही सगळे त्यांना मामाच म्हणत होतो. खरं नाव दाराच्या पाटीवर होतं, पण पाटी वाचून कोण कुणाला हाक मारतं? तरुणपणी सातारा जिल्ह्यातून इकडे आलेले. एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात बॉयलरवर आयुष्य काढलं. माझी ओळख झाली तेव्हा निवृत्त झाले होते, पण बॉयलर काही डोक्यातून निवृत्त झाला नव्हता.

"आवो, बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला तर सायेब काय विचारतो? ऑपरेटर झोपला हुता काय? मग कुकरची शिट्टी म्हंजे दुसरं काय हाय? सगळ्या इमारतीला वरडून सांगायचं, की हितं लक्ष न्हाई कुणाचं!"

"पण मामा, शिट्टी होणार हे कळतं कसं तुम्हाला?"

"कानानं. डोळ्याला दिसतंय तवर उशीर झालेला असतो. वाफेचा आवाज आधी जाड असतोय, मग बारीक हुतो. बारीक झाला की फिरवा बटण."

आता आमच्या इमारतीबद्दल थोडं. रविवारी दुपार व्हायला लागली की ती इमारत राहत नाही, रेल्वेचं यार्ड होतं. सगळ्या मजल्यांवरून शिट्ट्या. कोण काय शिजवतंय हे वासाआधी शिट्टीवरून कळतं. तिसऱ्या मजल्यावर अमरावतीकडचे भाऊ राहतात, ते तर आपल्या शिट्ट्या मोठ्यानं मोजतात. एखादी राहिली तर खालून कुणीतरी आठवण करतं. पहिल्या मजल्यावरच्या वहिनी किनाऱ्यावरच्या घिवलीच्या. त्यांच्याकडे ताजं म्हावरं. त्या जिन्यात उभ्या राहून या सगळ्या गोंगाटाकडे कीव आल्यासारखं बघतात. "तुमचा मटन शिजेपर्यंत आमी जेवून झोपतो पन. आनि ह्यो आवाज कशाला? लगीन हाय का?"

या कोलाहलात फक्त चौथ्या मजल्यावरून आवाज नाही. आमच्या गोरखपूरच्या वॉचमननं एकदा मान वर करून विचारलं, "चाचा का कुकर गूंगा है क्या?" तेव्हापासून मुका कुकर हे नाव पडलं. मामांना ते भारी आवडलं होतं.

मटण करताना मामा जे बोलत, ते मला तोंडपाठ आहे. धुतलेल्या मटणाला मीठ, हळद, आलं-लसूण चोळून ठेवायचं. कुकरमध्ये थोडं तेल, कांदा, मग मटण. त्याला आधी स्वतःचं पाणी सुटू द्यायचं. "त्याला त्याचं बोलून घेऊ द्या, मग तुम्ही बोला." वरून घालायचं ते उकळतं पाणी. गार पाणी ओतलं की मटण दचकतं, आणि दचकलेलं मटण पुन्हा माणसात येत नाही. हे सगळं ते अशा सुरात सांगत की आपण स्वयंपाक शिकतोय की एखाद्या हळव्या पाहुण्याची बडदास्त ठेवतोय, हेच कळेनासं व्हावं.

कुकर उघडला की मसाल्याआधी अळणी निघायचं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. अळणी म्हणजे शिजलेल्या मटणाचं ते पहिलं पाणी. मीठ असतं त्यात, तिखट नसतं. फिकट पिवळं, वर चरबीचे गोल गोल थेंब, वास असा की आजारी माणूस उशीवरून मान उचलतो. मामा ते वाट्यांमध्ये ओतायचे आणि ताटात वाट्या मांडून स्वतः जिना उतरायचे. बाळंतीण असेल तिथे आधी. मग दुसऱ्या मजल्यावरच्या, दात गेलेल्या आजोबांकडे. मी टायफॉइडमधून उठलो तेव्हा माझ्याकडेही. समोर खुर्ची ओढून बसायचे. "प्या." मी प्यायचो. "आता वाटी पालथी करून दावा." मी पालथी करायचो. एक थेंब पडला तरी मामा उठत नसत.

तांबड्या रश्श्यासाठी कांदा-लसूण मसाला गावाहून यायचा. माझी सासुरवाडी वाणगावची, मिरच्या पिकवणारी. एकदा मी तिकडच्या मिरच्या कौतुकानं नेऊन दिल्या. मामांनी एक मोडून चाखली, विचार केला आणि म्हणाले, "रंग हाय. राग न्हाई." माझी बायको आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही. पुढच्या रविवारी तिच्यासाठी नळीची हाडं वेगळी आली, तेव्हा कुठे तह झाला.

आणि आता मामी.

मामी माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, मटणाचं नाव नाही. आता तुम्ही म्हणाल, मग त्या घरात रोज महाभारत होत असेल. नाही. त्या घरात एक उंबरा होता. गॅलरीच्या दाराचा. त्याच्या पलीकडे मामांचं राज्य: त्यांची शेगडी, कुकर, पळी, ताट. अलीकडे मामींचं. मामांची पळी कधी आत आली नाही, मामींची कधी बाहेर गेली नाही. जेवण झालं की मामा गॅलरीतच भांडी घासत, मग आंघोळ करत, मगच आत येऊन बसत. अपवाद एकच. खोबरं, तीळ, कांदा भाजून त्याचं वाटण मामी आत करत आणि उंबऱ्यापर्यंत आणून ठेवत.

"मामी, हे वाटण कशात जाणार, तुम्हाला माहीत आहे ना?" मी एकदा खोडी काढली.

"मी खोबरं वाटलं," मामी म्हणाल्या. "खोबऱ्यानं पुढं काय केलं त्याला मी काय करू?"

मामा गॅलरीत कुकर लावत तेव्हा मामी आतल्या खोलीत देवांपुढे बसत, गॅलरीकडे पाठ करून. पोथी वाचत, मधेच कधीतरी घंटा वाजवत. ती घंटा ऐकली की आम्ही खालच्या मजल्यावर वाट्या धुऊन ठेवायचो, कारण त्यानंतर काही वेळात अळणी यायचंच. देवाची पूजा आणि बकऱ्याची पूजा एकाच सुमारास आटोपते, याचं आम्हाला कौतुक वाटायचं. पुढे एका वर्षी मामींनी महालक्ष्मीच्या जत्रेतून नवी घंटा आणली. आधीची इवलीशी होती, किणकिण करायची. ही म्हणजे देवळातली शोभावी अशी. वाजली की आमच्या फळीवरचे डबे थरथरायचे. माझी बायको म्हणाली, "मामींचा देव हल्ली कमी ऐकतो वाटतं." आम्ही हसलो आणि वाट्या धुतल्या.

मामांचा मुलगा पुण्याला. इंजिनियर, गुणी, आईबापांची काळजी करणारा आणि त्यामुळेच जरा त्रासदायक. फोन केला की त्याचा एकच घोषा. "आप्पा, दोघंच आहात, वय झालंय, ती शेगडी बंद करा. तुम्हाला फोनची बेल ऐकू येत नाही, कुकर काय ऐकू येणार?" मामा उसळायचे. "बेल मला ऐकू येती! मीच उचलत न्हाई!" पण मुलाच्या मनातून ते जाईना. दिवाळीनंतर तो राहायला आला तो ठरवूनच. जिन्यात मला म्हणाला, "काका, मी सांगून ठेवतो. मी इथे असताना एकदा जरी त्या कुकरचं काही झालं, तरी शेगडी गाडीत घालून नेणार. मग मी वाईट ठरलो तरी चालेल."

नेमकं त्याच आठवड्यात तिसऱ्या मजल्यावरच्या भाऊंना खाज सुटली. पार्किंगमध्ये सगळ्यांसमोर ते म्हणाले, "मामा, मंग कंपनीनं कुकरले शिट्टी देल्ली कायले जी? तुम्ही घरात बसून काय करता ते कोनं पाह्यलं? या रविवारी गच्चीवर करा. सगळ्याइच्या समोर."

मला वाटलं मामा मिशीला पीळ देतील. मामा चक्क सबबी शोधू लागले. आधी म्हणाले, गच्चीवर वारं असतं. मग म्हणाले, सिलिंडर वर न्यायचा त्रास. मग म्हणाले, अमावास्या जवळ आहे. अमावास्येचा आणि मटणाचा काय संबंध हे मला आजतागायत कळलेलं नाही. मुलगा शेजारीच उभा होता. तो शांतपणे म्हणाला, "करा की आप्पा. एवढी खात्री आहे ना?"

आता माघार कुठून घेणार? "करतो," मामा म्हणाले. पण जिना चढताना त्यांनी कठडा घट्ट धरला होता, हे मी पाहिलं.

रविवारी गच्चीवर जत्रा. सतरंज्या, कांदे चिरायला बायका, सिलिंडर उचलायला वॉचमन. घिवलीच्या वहिनी हात कमरेवर ठेवून, "बगू तरी कसा शिट्टी नाय होत ते." भाऊ अगदी पुढच्या रांगेत. मुलगा कुकरपासून दोन हातांवर, हाताची घडी घालून. मामांनी मटण चढवलं, पाणी सुटू दिलं, उकळतं पाणी ओतलं, झाकण लावलं. सगळं नेहमीसारखं. फक्त आज ते बोलत नव्हते. मटण दचकतं वगैरे काही नाही. कपाळावर घाम, आणि तो शेगडीचा नव्हता.

तेवढ्यात गच्चीच्या दारात मामी.

सगळे चाट पडले. मटणाचा वास आला तर खिडकी लावणारी बाई, ती भर मटणाच्या जत्रेत! हातात टाळ.

"मामी, तुम्ही इथं?"

"खाली पंखा बंद पडलाय. मी आपली वाऱ्यावर बसून दोन अभंग म्हणते. तुमचं चालू द्या."

"पण मामी, मटण..."

"माझी पाठ हाय तिकडं," असं म्हणून मामी पाण्याच्या टाकीच्या पायरीवर बसल्या. तोंड एमआयडीसीच्या चिमण्यांकडे, पाठ आमच्याकडे. टाळ हलके वाजू लागले. मामी गुणगुणत होत्या. भाऊ म्हणाले, "वा! भजन अन् मटन, दोन्ही!" लोक हसले. मी मामांकडे पाहिलं. आणि मंडळी, मी थक्क झालो. माणूस बदलला होता. पाठ ताठ, बोट वर, डावा हात बटणावर. पण नजर कुकरवर नव्हतीच. ती टाकीच्या पायरीवर होती.

कुकर फुसफुस करू लागला. गच्ची गप्प झाली. वाफेचा आवाज जाड. जाड. मग किंचित बारीक. त्या क्षणी मामींचे टाळ खण्णकन वाजले. एकदाच, तालाच्या बाहेर.

मामांचा हात फिरला. ज्योत मण्यांएवढी झाली. कुकरनं उसासा सोडला.

आधी कुणाला कळेना. मग घिवलीच्या वहिनी ओरडल्या, "नाय झाली! खरंच नाय झाली!" आणि टाळ्या. भाऊंनी मामांना मिठी मारली. "हारलो जी, हारलो!" मुलानं पुढे होऊन वडिलांच्या पायांना हात लावला. मामींनी अभंग पुरा केला, टाळ पदरात गुंडाळले आणि कुणाकडे न बघता खाली निघून गेल्या.

भांडी उतरवताना जिन्यात मी मामांना गाठलं. आजूबाजूला कुणी नव्हतं.

"मामा, टाळ फार छान वाजले."

मामा थबकले. कुकर हातात घेऊन तसेच पायरीवर बसले.

"म्हंजे तुमच्या ध्यानात आलं."

"घंटा पण?"

त्यांनी मान हलवली. "बॉयलरनं कान खाल्ले वो माझे. जाड आवाज येतो, बारीक येत न्हाई. चार-पाच वरसं झाली. येका रयवारी असाच बसलेलो, मला काय वाफ कळंना, आणि आतनं हिनं घंटा वाजवली. मी दचकून बटण फिरवलं. वाचलो. पुढच्या रयवारी परत घंटा. तवा माझ्या डोक्यात परकाश पडला."

"मग तुम्ही विचारलंत त्यांना?"

"काय इचारू? तिची माळ हाय गळ्यात. ती काय म्हणंल, हो, मी तुमचं मटण शिजवते? तिनं कवा सांगितलं न्हाई, मी कवा इचारलं न्हाई. नुसती घंटा मोठी आणली." मामांनी टॉवेलनं तोंड पुसलं, घाम पुसला असं आपण धरू. "पोराला बोलू नका. शेगडी गेली तर माझा रयवार गेला. आणि तिचाबी."

"मी कशाला बोलू?" मी म्हणालो. "मला पुढच्या रविवारी जेवायचंय."

मामा हसले. मग बोट वर केलं आणि म्हणाले, "शिट्टी झाली म्हंजे माणूस हरला. पर जिंकला तर एकटा जिंकत न्हाई, हे कुणाला सांगता येत न्हाई बगा."

ते मी कुणालाही सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही, आणि माझ्यासारख्या माणसाच्या बाबतीत हा चमत्कार मुक्या कुकरपेक्षा मोठा आहे. मी फक्त रविवारी घंटेची वाट बघायचो. घंटा झाली की वरच्या उसाशाची कल्पना करायचो आणि वाट्या मांडायचो.

गेल्या वर्षी थंडीत मामा गेले. शनिवारी दुपारी जेवून जरा आडवे झाले, ते उठलेच नाहीत. रविवारसाठी मामींनी खोबरं भाजून ठेवलं होतं. दिवसकार्य झाल्यावर मुलानं शेगडी नेली नाही. मामींनी नेऊ दिली नाही. तिच्यावर एक जुनं धोतर टाकलं, कुकर पालथा घातला आणि गॅलरीचं दार लावून घेतलं. नंतरचे किती तरी रविवार भाऊ आपल्या शिट्ट्या मोठ्यानं मोजत नसत. ज्योत बारीक करायचा प्रयत्नही करून पाहिला त्यांनी. एकदाही जमलं नाही.

परवा मामांचं वर्षश्राद्ध झालं. गोडाचं जेवण, सगळं रीतीप्रमाणे. दुसऱ्या दिवशी रविवार. मामींनी सकाळीच मुलाला सांगितलं, "त्यांच्या आवडीचं कर. गॅलरीत कर. त्यांच्याच कुकरात कर." आणि खोबरं, तीळ, कांदा भाजून वाटण उंबऱ्यावर आणून ठेवलं.

आम्ही सगळे वर गेलो. मुलगा पाटावर बसला होता, मामांच्या जागी. मटणाला पाणी सुटू दिलं, उकळतं पाणी घातलं. कुणी सांगितलं नव्हतं, लहानपणापासून बघितलेलं. झाकण लावलं. बाहेर गॅलरीत तो आणि भाऊ, आत खोलीच्या दाराशी आम्ही, माझ्या हातात रिकाम्या वाट्यांचं ताट. मामी देवांपुढे बसल्या. गॅलरीकडे पाठ. पोथी उघडलेली.

कुकर फुसफुस करू लागला. आवाज जाड होता. मग बारीक झाला.

मामींनी घंटा वाजवली.

मी हबकलो. हातात ताट, मधे माणसं, गॅलरी पलीकडे. मुलानं घंटा ऐकली. आईची पूजा चालली आहे असं समजून त्या गुणी मुलानं बसल्या जागी डोळे मिटले आणि भक्तिभावानं हात जोडले. भाऊंनीही जोडले. मामींनी पुन्हा घंटा वाजवली, जोरात, रागानं. डबे थरथरले असतील खाली. मी ताट कुणाच्या तरी हातात कोंबलं, दोन पावलं टाकली.

आणि शिट्टी झाली.

त्या गॅलरीतून पहिल्यांदा. लांब, कर्कश, सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशी. खाली वॉचमननं मान वर केली असणार. गॅलरीत भाऊ डोळे उघडून कुकरकडे बघत राहिले.

पोथीवरून नजर न काढता, पाठ न वळवता, हातातली घंटा तशीच उचललेली ठेवून मामी कावून ओरडल्या,

"आवो, ध्यान कुठं हाय तुमचं?"